तुइस्कूची सवय

१

मांजरीचा प्रश्न एका दुपारीच सुटला. इर्मेलीच्या बहिणीने टोपली उघडली, मांजरीने तिच्या स्वयंपाकघरात एक फेरी मारली आणि फ्रिजवर चढून डोळे मिटून घेतले. मांजराचं काय, जिथे ऊब तिथे माहेर. कुंड्या शेजारच्या हिल्काकडे गेल्या. नळ गोठू नयेत म्हणून दिवसाआड चूल पेटवायचं कामही तिनेच अंगावर घेतलं. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं दोन खोल्यांचं घर नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत पक्कं झालं होतं. त्या गावात म्हणे हिवाळ्यात अर्धा बाजार फिनिश बोलतो. राहिला होता फक्त तुइस्कू.

तुइस्कू तेरा वर्षांचा होता, म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबाने पणजोबा. पांढरा-करडा, झुपकेदार शेपटीचा, आणि हृदयाने कमजोर. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि मान हलवली.

"विमानात नको. चढेल तो, पण उतरेल याची हमी मी देणार नाही."

आणि हा कुत्रा जन्मात कधी एकटा राहिला नव्हता. नवऱ्याची, पाउलीची, कागदाच्या गिरणीतली पाळी आणि इर्मेलीची शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी यांचं असं काही जमलं होतं, की घरात कोणीतरी असायचंच. पुढे दोघंही निवृत्त झाली, मग तर विचारायलाच नको.

जायचं तर होतंच. मागच्या हिवाळ्यात अंधार पडू लागला तसा पाउली गप्प होत गेला. तळ्याकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून तो बसून राहायचा. बाहेर काळोखाशिवाय काही दिसत नसे, तरी बघत राहायचा. फेब्रुवारीत एकदा इर्मेलीला तो गोठलेल्या तळ्यावर, काठापासून फार लांब, बिनटोपीचा उभा सापडला. मासेमारीचं भोक बघायला आलो होतो, म्हणाला. तिथे भोक नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, की पुढचा हिवाळा याला उन्हात काढू दे. त्या दिवसापासून इर्मेलीने मनाशी गाठ मारली होती.

तुइस्कूचं खाणंपिणं बघायला हिल्का येऊन जाणार होती, पण बाकीचा वेळ त्याला एकट्याने काढायला शिकवायला हवं होतं. म्हणून तालीम ठरली. कल्पना पाउलीचीच.

"पोरांना नाही का शाळेची सवय लावत? आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग पुरा दिवस. महिन्याभरात गडी तयार."

"आणि रडला तर?"

"पोरंही रडतात. म्हणून मास्तर काय सगळ्यांना घरी पाठवतो?"

फिनलंडच्या त्या भागात घरात कोणी नसलं की ओसरीवरचा खराटा बाहेरून दाराला टेकवून ठेवतात. कुलूप असो वा नसो. येणारा लांबूनच खराटा बघतो आणि मागे फिरतो. तो बाजूला करून आत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, त्यामुळे खराटा उभा असला म्हणजे आतूनही कोणी बाहेर पडलेलं नाही, हे न सांगता कळतं. तुइस्कूला तो आवाज पाठ होता. काठी दाराच्या लाकडाला टेकली रे टेकली की आतून बारीक कुईकुई सुरू व्हायची.

२

पहिल्या दिवशी दोघं गावात जाऊन फक्त कॉफी पिऊन आली. इर्मेलीने बन कुस्करून टाकला, खाल्ला नाही. परतताना हिल्का रस्त्यातच उभी होती. हिल्का पंचाहत्तरीची, विधवा, आणि जिभेला हाड नसलेली.

"अगं, काय गळा काढलाय तुमच्या म्हाताऱ्याने! मला वाटलं, पाउली गेला की काय."

"आहे मी अजून," पाउली गाडीतून म्हणाला.

"दिसतोयस. कुत्र्याला सांग."

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. दार उघडताच तुइस्कू अंगावर झेपावायचा, धापा टाकायचा, इर्मेलीच्या कोटाची बाही तोंडात धरून सोडायचाच नाही. तिला गलबलून यायचं. हे जनावर आपल्यावाचून पाच महिने कसं काढणार, असं वाटून ती रात्री उशीवर डोळे उघडे ठेवून पडायची.

मग रडणं कमी झालं. आणि एक दिवस थांबलंच. दोघं अर्धा दिवस बाहेर होती, तरी हिल्का म्हणाली की चकार शब्द ऐकू आला नाही. पाउलीने स्टिअरिंगवर थाप मारली.

"सांगितलं नव्हतं? सवयीने सगळं होतं."

त्या दिवशी तुइस्कू दाराशी आला नाही. विटांच्या मोठ्या चुलीपाशी तो पाय पसरून पडला होता. मान उचलून त्याने दोघांकडे बघितलं, शेपटी फळ्यांवर दोनदा आपटली आणि पुन्हा डोकं टेकलं. इर्मेलीला हायसं वाटलं, आणि त्या हायसेपणाखाली काहीतरी टोचलंही. ती त्याच्याजवळ बसली, कानामागे खाजवू लागली, आणि तिची बोटं थांबली.

कानामागे काटेरी बोंड अडकून केसांची गाठ झाली होती. सकाळीच तिने ती बघितली होती आणि आल्यावर काढू म्हणून ठेवून दिली होती. त्या कानाला तो तिच्याशिवाय कुणाला शिवू देत नसे, पाउलीलासुद्धा. आता तिथले केस मोकळे होते, मऊ होते, विंचरल्यासारखे एका दिशेला बसले होते.

बोंड तिला खिडकीच्या कठड्यावर सापडलं. त्याच्या शेजारी आणखी दोन होती, पोटाखालची वगैरे असावीत. इर्मेली बोंडं नेहमी चुलीत टाकते. ही कोणीतरी नीट बाजूला काढून ठेवली होती.

तिने हिल्काला फोन लावला.

"मी? मी कशाला येऊ?" हिल्का फणकारली. "खराटा होता ना दाराला. चाळीस वर्षांत तुमचा खराटा मी कधी हलवलाय? आणि त्या कानाला हात लावायला मला काय बोटं जड झालीत?"

इर्मेलीने फोन ठेवला. मग सकाळी निघायच्या घाईत आपणच काढली असतील. सदुसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा डोळ्यांवर ठेवून शोधतो, तसंच हे. असं तिने स्वतःला समजावलं, आणि जवळजवळ पटलंही. फक्त अशी गाठ सोडवायला लागते ती कात्री शिवणाच्या डब्यात तळाशी होती, आणि डब्यावर लोकरीचे गुंडे कालच्यासारखेच रचलेले होते.

३

प्रवासाआधी चष्म्याचा नंबर तपासायचा होता, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघं कुओपिओ शहरात गेली. पूर्ण दिवसाची पहिलीच तालीम. खराटा इर्मेलीने स्वतः टेकवला. आतून कुईकुई आली नाही. ती क्षणभर कान देऊन उभी राहिली.

परत आली तेव्हा उजेड मावळायला लागला होता. खराटा जागेवर होता, तिने ठेवला तसाच, फडा वर आणि जरासा कुलपाकडे कललेला. तिने तो उचलून भिंतीला लावला आणि दार ओढलं. आतून काहीतरी सरळ तिच्या पायांवर येऊन पडलं.

स्वयंपाकघरातला झाडू होता तो. लांब दांड्याचा, निळ्या फड्याचा. आतल्या बाजूने दाराला टेकवलेला होता, आणि दार उघडल्याबरोबर बाहेर आडवा झाला.

पाउलीने तो उचलला. बराच वेळ हातात धरून बघितला.

"खिळ्यावरून निसटला असेल."

"खिळा चुलीच्या मागे आहे, पाउली."

"मग कुत्र्याने ओढत आणला."

"आणि दाराला उभा करून ठेवला?"

झाडू घेऊन पाउली चुलीमागे गेला आणि खिळ्याला अडकवला. नंतर खिळा पक्का आहे का ते हलवून बघितलं. पक्का होता.

तुइस्कू चुलीपाशीच होता. चुलीला लागून एक लाकडी बाक आहे, त्यावर इर्मेलीने विणलेली पट्ट्यापट्ट्यांची गादी. त्या बाकाच्या पायाशी, कोणाच्या तरी पावलांवर हनुवटी ठेवावी तशा बेताने तो पडला होता.

"तुइस्कू, ये," ती म्हणाली.

तुइस्कूने आधी मान वळवून वर, बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. थोडा वेळ तो तसाच बघत राहिला. मग उठला आणि शेपटी हलवत तिच्याकडे आला.

रात्रीच्या जेवणाला बटाट्याचं सूप होतं. इर्मेलीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती तोंडावर येऊ नये म्हणून ती चमच्याकडे बघत होती. खराटा बाहेरून लावला, तर आत कोणी नाही असा त्याचा अर्थ. मग आतून लावला, तर बाहेर कोणी नाही, असाच की नाही? आणि हे ज्याला सांगायचं असं घरात होतं कोण, तर एक कुत्रा.

४

त्यानंतर पाउली कुलूप घालू लागला. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. कुलपानेही काही बदललं नाही. कधी तुइस्कूच्या वाटीत ताजं पाणी असायचं, कधी त्याच्या पायांची वाढलेली नखं घासून गुळगुळीत झालेली. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. कोणी जनावराचे हाल करत नव्हतं, उलट लाडच करत होतं. इर्मेलीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"मी येत नाही," एक दिवस ती म्हणाली. "तू जा. मी इथे राहते त्याच्याजवळ."

पाउली बुटांना तेल लावत होता. त्याने बूट खाली ठेवला.

"कुत्र्यासाठी?"

"तुला दिसत नाहीये का काही?"

"मला काय दिसतंय ते सोड. मनी वसे ते स्वप्नी दिसे. तुला त्याला सोडायचं नाहीये, म्हणून घरभर तुला कारणं सापडतायत." इतकं बोलून तो थांबला. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "मला या हिवाळ्याची भीती वाटते, इर्मेली. मी एकटा गेलो तर तिथेही खिडकीशीच बसेन. ऊन असो नसो."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. 'भीती' हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ती उठली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तुइस्कू बाकाच्या पायाशी झोपला होता.

दुसऱ्या दिवशी ती हिल्काकडे गेली. हिल्काने कॉफी ओतली, बशीत दालचिनीचे बन ठेवले आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना नेहमीसारखी मधे बोलली नाही.

"त्याने रडू नये असं तुला हवं होतं," शेवटी ती म्हणाली. "आता रडत नाही, तर तेही तुला खुपतंय."

"कोण येतं त्याच्याजवळ, हिल्का?"

"मला काय विचारतेस? माझं घर नाही ते." हिल्काने साखरेचा खडा कॉफीत बुडवून तोंडात टाकला. "एवढं सांगते. तुम्ही रोज उठून दाराला खराटा लावताय. आम्ही इथे नाही, आम्ही इथे नाही. किती वेळा सांगाल? ऐकणारं कोणीतरी ऐकतंच ना."

इर्मेलीला तिचा रागच आला. बन खाल्ल्याशिवाय ती उठली. शेतातून परतताना मात्र आपल्याला नेमकं काय होतंय ते तिला कळलं, आणि कळल्याची लाज वाटली. भीती होतीच. पण भीतीहून मोठा होता तो मत्सर. आपला कुत्रा आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाजवळ सुखात आहे, हे तिला सहन होत नव्हतं.

५

तिने पाउलीला एकट्यालाच दुकानात पाठवलं. नेहमीसारखा कोट घातला, तुइस्कूला "राहशील ना शहाण्यासारखा" म्हणाली, बाहेर आली, कुलूप लावलं, किल्ली गाडीतल्या पाउलीकडे परत दिली आणि खराटा टेकवला. गाडी निघून गेली. ती मात्र घराला मोठा वळसा घालून खाली तळ्याकाठच्या साउनाच्या, वाफेने अंग शेकायच्या खोपटात जाऊन बसली. तिथल्या लहानशा खिडकीतून स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसते.

भर दुपार होती. आभाळ राखाडी असलं तरी उजेड चांगला होता. खोपटात परवाच्या धुराचा आणि बर्चच्या पानांचा वास होता. थंड फळीवर बसून ती बघत राहिली. काही घडत नव्हतं. तिला स्वतःचंच हसू आलं. स्वतःच्या घरावर पाळत ठेवणारी म्हातारी, कोणी पाहिलं तर काय म्हणेल!

मग तुइस्कू खिडकीत दिसला.

तो खिडकीजवळच्या जाजमावर बसला होता. पाठ ताठ, मान वर ताणलेली, हनुवटी आढ्याकडे, डोळे मिटलेले. ती मुद्रा तिला ओळखीची होती. गळ्याखाली खाजवत असताना तो असाच बसतो. आणि त्याच्या गळ्याखालचे दाट पांढरे केस हलत होते. वरून खाली दबत होते, पुन्हा फुलत होते, सावकाश, एका लयीत. मधे थांबत होते. थांबले की तुइस्कू नाक पुढे करून आर्जव करायचा, की पुन्हा सुरू.

चुलीची गरम हवा असेल. खिडकीच्या फटीतला वारा असेल. जुनी काच आहे, तिच्यात सगळंच थोडं हलतं. तिने ही तीनही कारणं एकामागून एक मनात मांडली आणि खिडकीच्या जवळ तोंड नेलं. काचेवर तिचा श्वास धरला. तो पुसायला तिने बाही फिरवली.

तुइस्कूने डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे बघितलं. आणि तो भुंकला. ओळखीचं भुंकणं नव्हतं ते. पाठीवरचे केस उभे करून, पुढचे पाय कठड्यावर टाकून, दात दाखवून तो भुंकला, कुंपणावरून कोणी परकं माणूस आत डोकावलं की भुंकतो तसा. म्हाताऱ्या हृदयाचं जनावर, त्याला इतका आवाज झेपत नव्हता, तरी थांबेना. मग एकदम थांबला. खांद्यावरून त्याने मागे पाहिलं, पाय खाली घेतले आणि खिडकीतून दिसेनासा झाला.

ती धावतच वर आली. किल्ली पाउलीजवळ होती. तो येईपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. दार उघडल्यावर तुइस्कू आला, तिचा हात त्याने चाटला. कोट न काढताच ती बाकाशी गेली आणि गादीवर तळवा ठेवला. गादी उबदार होती. पण चुलीला लागूनच असल्यामुळे ती नेहमीच उबदार असायची.

६

त्या संध्याकाळी तिने पाउलीला सगळं सांगितलं. तो हसेल अशी तिची तयारी होती. पाउली हसला नाही. खिडकीचा पडदा त्याने सरळ केला, पुन्हा जागेवर येऊन बसला.

"गेला आठवडाभर," तो म्हणाला, "दार उघडण्याआधी मी खोकतो. तुझ्या लक्षात आलं असेल."

आलं होतं. तिला वाटलं होतं, सर्दी असेल.

"आपल्याच घरात शिरताना," पाउली म्हणाला. "आतल्याला कळावं म्हणून."

मग त्याने टेबलावरचा तिचा हात धरला.

"त्याला घेऊन जाऊ. विमान गेलं खड्ड्यात. गाडी जहाजावर चढवायची, समुद्र ओलांडायचा, पुढे जमेल तसं थांबत थांबत. लागू दे आठवडा, नाहीतर दोन. वेळेशिवाय आपल्याकडे दुसरं आहे काय?"

इर्मेली रडली. कित्येक दिवसांनी मनसोक्त रडली. पाउलीने रुमाल दिला आणि ती नाक शिंकरेपर्यंत तो रस्त्यात कुत्र्याला कुठे कुठे उतरवायचं ते सांगत राहिला. त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा लागत होता.

त्यानंतर खराटा पुन्हा दाराला लागला नाही. दोघांपैकी एक जण कायम घरात राहू लागलं. घरही शहाण्यासारखं वागलं. झाडू खिळ्यावर राहिला. तुइस्कूने बाकाकडे पाहून परवानगी मागितली नाही, निदान तिच्या देखत तरी नाही. तिला वाटू लागलं, वेळेवर सावरलो.

निघायच्या दिवशी सकाळी पहिला बर्फ भुरभुरला होता आणि वर स्वच्छ ऊन पडलं होतं. मागच्या सीटवर तुइस्कूचं अंथरूण पसरलं, त्याची वाटी, औषध, आवडता चिंध्यांचा चेंडू, सगळं चढलं. हिल्का निरोप देऊन, डोळे पुसून आणि "तिथे फार गोरेपणा गमावू नका" असं बजावून गेली. पाउलीने इंजिन सुरू केलं आणि काच खरवडू लागला. राहिलं होतं फक्त कुत्र्याला बाहेर घेऊन कुलूप घालणं.

इर्मेलीने दार सताड उघडलं आणि पायऱ्या उतरून अंगणात उभी राहिली.

"चल रे म्हाताऱ्या! गाडीत बसायचंय!"

तुइस्कू उंबऱ्यापर्यंत आला. गाडी बघून त्याचे कान उभे राहिले. गाडीची त्याला लहानपणापासून हौस. शेपटी हलली, एक पाय त्याने उंबऱ्याबाहेर टाकला. इर्मेली खाली वाकली आणि दोन्ही हातांनी मांडीवर दोनदा थोपटलं. पिल्लू होता तेव्हापासून ती त्याला असंच बोलावायची.

घराच्या आतून, चुलीच्या बाजूने, मांडीवर दोनदा थोपटल्याचा आवाज आला.

तुइस्कूने मागे वळून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, परकेपणा नव्हता. दोन घरच्या माणसांनी एकाच वेळी हाक मारली की जनावराची जी पंचाईत होते, तीच होती. इर्मेलीने हात पुढे केला.

तुइस्कूने उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला, वळला, आणि सावकाश आत गेला.

दार मिटू लागलं. वाऱ्याने नव्हे, वारा अजिबात नव्हता. थंडी आत येऊ नये म्हणून माणूस ओढून घेतो तसं ते आत ओढलं गेलं. शेवटच्या वीतभर अंतरावर ते अडलं. तिथे ते नेहमीच अडतं, बिजागर उतरलंय. तिथे मूठ जराशी वर उचलावी लागते. ती खुबी एकट्या इर्मेलीच्या हाताला ठाऊक होती; हिल्काला माहीत नव्हती, आणि पाउली आजवर दार आपटूनच लावत आला होता. मूठ वर उचलली गेली आणि दार बिनआवाज बसलं.

पाउलीने इंजिन बंद केलं. त्यानेही बघितलं होतं. तो येऊन तिच्या मागे उभा राहिला, काच खरवडायची पट्टी हातात तशीच.

इर्मेली पायऱ्या चढली. दाराला कान लावला. आत तुइस्कूची शेपटी फळ्यांवर वाजत होती. थाप, थाप, थाप. खुशीत असला की तो तशी वाजवतो. तेरा वर्षं तो आवाज ती बाहेरून आली की तिच्यासाठी व्हायचा. आज ती बाहेर उभी होती आणि शेपटी आत, दुसऱ्याच कुणासाठी वाजत होती.

तिने मुठीवर हात ठेवला आणि मागे घेतला. हे दार आपलं आहे, एवढं तिला ठाऊक होतं. ते उघडायचा धीर मात्र होईना. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिने केलं. बोटं दुमडून तिने स्वतःच्या घराच्या दारावर टकटक केलं.

शेपटी थांबली. पाठीवर कोणी हात ठेवला की थांबते, तशी. आणि आतलं सगळं गप्प झालं. नको असलेला पाहुणा दाराशी आला, की तो पायऱ्या उतरून जाईपर्यंत आपण आत जसे गप्प बसून राहतो, तसं.